लेबर डेची सुट्टी चालते, युनियन तेवढी चालत नाही

काल आमच्या ग्रुपची लेबर डेची पिकनिक होती. शिकागोत सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे उन्हाळ्याचा शेवटचा हात मारून घ्यायचा दिवस. भाजलेली कणसं, पावभाजी, कूलरमध्ये बिअर, मुलांचं क्रिकेट. आमच्यातल्याच एकाचा मुलगा कॉलेज करून एका कॉफी शॉपमध्ये पार्टटाइम काम करतो. पोरगं सहज बोलून गेलं की आमच्याकडे युनियनचं चाललंय, मीपण 'युनियन हवी' म्हणणाऱ्या कार्डावर सही केली.

बापाच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. "आपल्या घरात हे धंदे नकोत. या युनियनवाल्यांनी मुंबईच्या गिरण्या घालवल्या, डेट्रॉइटचे मोटारींचे कारखाने घालवले, आता कॉफी घालवा!" आणि सगळे हसले. सगळे! लेबर डेला! युनियनवाल्यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीत, भरपगारी, पाय पसरून!

चारचौघांत बापाला त्याच्या मुलासमोर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी तिथे पाणी प्यायले. इथे मात्र बोलणार आहे. लांबण लागेल, आत्ताच सांगते.

ही सुट्टी कुठून आली ते आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर बघायला मिळतं. शिकागोच्या दक्षिण टोकाला पुलमन नावाची वस्ती आहे. इथे वर्षानुवर्षं राहणारे माझे किती मित्र तिथे गेलेत? हात वर करा. लेमाँटचं देऊळ झालं, बहाईंचं झालं, आईवडील आले की नायगारा झाला. पुलमन कुणी नाही.

मला तिथे बाबांनी नेलं. म्हणजे गाडी मी चालवली, पण हट्ट त्यांचा. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, उभी हयात डब्यांखाली गेली. इथे आले तेव्हा मी विचारलं, काय बघायचंय? म्हणाले, "ते पुलमन डबे कुठे बनायचे ते दाखव." तोवर मला पुलमन हे माणसाचं नाव आहे हेही धड माहीत नव्हतं.

जॉर्ज पुलमन. झोपायचे आलिशान डबे बनवून रेल्वे कंपन्यांना भाड्यानं देणारा. १८८० पासून त्यानं कारखान्याशेजारी अख्खं गाव वसवलं. लाल विटांची सारखी घरं, बाग, चर्च, बाजार, आणि एक हॉटेल, त्याला लाडक्या लेकीचं नाव, फ्लॉरेन्स. सगळं त्याच्या मालकीचं. घर विकत घ्यायची सोय नाही, फक्त भाड्यानं. गावात दारू बंद, मिळणार ती एकट्या त्या हॉटेलात, आणि तिथे कामगाराला कोण विचारतंय! देशोदेशींचे पाहुणे हे आदर्श गाव बघायला यायचे.

आम्ही गेलो तेव्हा बाबा त्या घरांच्या रांगेसमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, विटकाम बघतायत. मग तिथल्या रेंजर मुलीला त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "रेंट, कटिंग फ्रॉम पगार?" मी पुढे होऊन नीट विचारलं. ती म्हणाली, आधी तसंच होतं. पुढे कायद्यानं कापून घ्यायला बंदी आली, तेव्हा कंपनी दोन चेक देऊ लागली, एक भाड्याच्या रकमेचा आणि एक उरलेल्याचा. भाड्याच्या चेकवर सही करायची आणि तिथल्या तिथे परत द्यायचा. हे मी मराठीत सांगितल्यावर बाबा एवढ्या मोठ्यानं हसले की मागची शाळेची ट्रिप वळून बघायला लागली.

हसायचं कारण मला नंतर कळलं. त्याकडे येते.

१८९३ ला मंदी आली. पुलमननं मजुरी सरासरी चौथ्या हिश्श्यानं कापली. घरभाडं? जसंच्या तसं. भागधारकांचा ८ टक्के लाभांश? जसाच्या तसा. गावातल्या एका पाद्र्यानं लिहून ठेवलंय की भाडं वळतं करून एका माणसाच्या हातात दोन सेंटचा चेक पडला. त्यानं तो वटवलाच नाही, फ्रेम करून ठेवला.

मालकाकडे गाऱ्हाणं घेऊन शिष्टमंडळ गेलं, लगेच त्यातल्या तिघांना घरी बसवलं. ११ मे १८९४ ला संप. जेनी कर्टिस नावाची शिवणकाम करणारी तरुण मुलगी रेल्वे युनियनच्या अधिवेशनात उभी राहिली. तिनं सांगितलं की वडील पुलमनकडेच राबून वारले, त्यांचं थकलेलं ६० डॉलर भाडं आता तिच्या मजुरीतून वसूल होतंय. एका बापानं लेकीच्या नावानं हॉटेल बांधलं आणि दुसऱ्या बापाच्या लेकीनं त्याचं भाडं फेडलं. एकाच गावात, चालत जायच्या अंतरावर.

ते ऐकून, आधी कां-कूं करणाऱ्या युजीन डेब्सच्या अमेरिकन रेल्वे युनियननं २६ जूनपासून बहिष्कार पुकारला. पुलमनचा डबा असलेली गाडी आम्ही हलवणार नाही. २७ राज्यांत मिळून अडीच लाखांच्या आसपास माणसं कामावरून उठली. स्वतःच्या पगारासाठी नव्हे, परक्या गावातल्या घरभाड्यासाठी! काल कणीस खाऊन हसणाऱ्यांपैकी कुणी शेजारच्या टीमसाठी एक ईमेल तरी लिहिलाय का?

मग काय झालं? टपाल अडतंय अशी बोंब मारली. युनियन म्हणत होती टपाल नेतो, पुलमनचा डबा तेवढा काढा. कंपन्यांनी मुद्दाम टपालाच्या गाड्यांनाच ते डबे जोडले. देशाचा अॅटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी, वर्षानुवर्षं रेल्वे कंपन्यांची वकिली केलेला, त्यानं कोर्टाचा मनाईहुकूम आणला. इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड नको नको म्हणत असताना प्रेसिडेंट क्लीव्हलंडनी शिकागोत लष्कर उतरवलं. देशभरात तीसेक माणसं मेली. डेब्सला सहा महिने तुरुंग, इथल्याच वुडस्टॉकला.

आणि लेबर डेच्या कायद्यावर क्लीव्हलंडची सही कधीची? २८ जून १८९४. बहिष्कार सुरू होऊन दोन दिवस झाले होते. एका हातानं सुट्टी आणि पाठोपाठ दुसऱ्या हातानं बंदुका. याला आपल्यात तोंडाला पानं पुसणं म्हणतात. (हो, सप्टेंबरचा मोर्चा न्यूयॉर्कच्या युनियननी १८८२ पासूनच काढायला सुरुवात केली होती, दिवस त्यांचाच होता. जगभरचा कामगार दिन १ मे हासुद्धा याच शिकागोतल्या १८८६ च्या आठ तासांच्या लढ्याचा. महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन करणाऱ्यांना सांगितलेलं बरं.)

आता बाबा का हसले ते.

मे १९७४. जॉर्ज फर्नांडिसांचा रेल्वे संप. बाबा तेव्हा नवे नवे चिकटलेले, क्वार्टर मिळालेलं, आजी गावाहून राहायला आलेली. ठिकठिकाणी संपकऱ्यांच्या बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढत होते, तो इतिहास आहे, कुणीही वाचावा. बाबा घरी झोपायचे नाहीत, पकडापकडी चालू होती. आजीनं सगळ्या घराची गाठोडी बांधून दाराशी लावून ठेवली होती. पाटा-वरवंटाही नेणार म्हणून अडून बसली होती. तो कोण उचलणार यावरून सासूसुनांचं भांडण झालं. आमच्या दारावर कुणी आलं नाही. पण ती गाठोडी संप मोडेपर्यंत बांधलेलीच होती, आणि रोज लागेल तेवढं पीठ सोडून काढायचं, परत गाठ मारायची.

पुलमनला त्या लाल विटांसमोर बाबा मला म्हणाले, "अगं, पगार ज्याच्या हातात, घरपण त्याच्याच हातात दिलं की माणूस तोंड उघडताना आधी बायकोच्या तोंडाकडे बघतो." मग म्हणाले, "आमचा ८ मे, यांचा ११ मे. उन्हाळ्यातच बरं सुचतं सगळ्यांना."

बरं, आता तुमचं म्हणणंही घेते, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. युनियनमध्ये गुंड शिरले, टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनचा पुढारी जिमी होफा १९७५ ला गायब झाला तो अजून सापडलेला नाही. मान्य. आपल्या लोकांशी तर हे वाईटच वागले. आशियाई नकोत म्हणून कामगार संघटनाच पुढे होत्या, आणि १९०७ ला बेलिंगहॅममध्ये लाकडाच्या गिरण्यांतल्या पंजाब्यांना गोऱ्या कामगारांच्या जमावानं मारून गावाबाहेर काढलं. तेही मान्य, आणि त्याचा राग मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. खुद्द डेब्सच्या युनियननं, त्याचं न ऐकता, काळ्या कामगारांना दार बंद ठेवलं. ज्या अधिवेशनात जेनी कर्टिस बोलली त्याच अधिवेशनात. हे वाचलं की मला त्या अडीच लाखांचाही संताप येतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही ना! पुलमनच्या डब्यांत उशा लावणारे, बूट पुसणारे, रात्रभर बेलला धावणारे पोर्टर सगळे काळे. प्रवासी त्यांच्यातल्या कुणालाही 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारायचे, मालकाच्या नावावरून. महिन्याला ४०० तास काम, भर टिपांवर. त्यांनी १९२५ ला ए. फिलिप रँडॉल्फ यांना पुढे करून स्वतःची युनियन काढली. कंपनीनं माणसं फोडली, काढून टाकली, बारा वर्षं झुलवलं. १९३७ ला करार झाला आणि ४०० चे २४० तास झाले. मॉन्टगोमेरीत बसमधली जागा गोऱ्याला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली तेव्हा सोडवायला गेलेले ई. डी. निक्सन याच युनियनचे. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग बोलले, त्याचे म्होरके रँडॉल्फच.

पोर्टरांचं म्युझियम तिथेच पुलमनमध्ये आहे. ती जॉर्जची हकीकत मी बाबांना सांगितली. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आमचा पण जॉर्जच होता, पण त्याला आम्ही साहेब म्हणायचो." आणि त्या फोटोंतल्या एका म्हाताऱ्या पोर्टरच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले, "याचा अंगठा बघ, डब्याच्या दारात सापडलेला आहे. आमच्यात असे चार होते." मला फोटोत काही दिसलं नाही. त्यांना दिसलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. पण एक सांगायचंच आहे, आणि ते आपल्याला लागेल.

आपण इथे कसे आलो? बहुतेक जण एच-वन वर, म्हणजे कंपनीनं काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर. नोकरी गेली की ६० दिवस. साठ दिवसांत दुसरी शोधा किंवा गाशा गुंडाळा. घर, पोरांची शाळा, गाडीचे हप्ते, सगळं कंपनीच्या एका ईमेलला बांधलेलं. रात्री अकराला मीटिंग लावली तरी आपण 'शुअर' म्हणतो. का म्हणतो? बाबांनी सांगितलं तेच. आपण सगळे पुलमनच्या घरात राहून आलोय, फक्त विटा लाल नव्हत्या. ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून निम्मे ग्रुपमधले उभे आहेत आणि हसतायत कुणाला, तर कार्डावर सही करणाऱ्या पोराला! त्याचा जन्म इथला आहे, त्याला कुणी देशाबाहेर काढू शकत नाही, म्हणून त्याच्यात ती धमक आहे. आपल्यात नव्हती तर नव्हती, निदान त्याला तरी टोचू नका.

तो सही करतो तो हक्कही आभाळातून पडलेला नाही. १९३५ च्या वॅग्नर कायद्यानं दिला, आणि त्याच्या मागे जेनी कर्टिसपासूनची माणसं आहेत. आठवड्याचे ४० तास १९३८ च्या कायद्यातून आले, तो शनिवार-रविवार आपण डोळे मिटून घेतो. आयत्या बिळावरचे नागोबा आपण, आणि वर फूत्कार!

युनियन आता उरलीय किती म्हणा. पन्नासच्या दशकात तीनातला एक कामगार युनियनमध्ये होता, आज दहातला एक. १९८१ ला रेगननी संपावरच्या अकरा हजारांहून जास्त एअर ट्रॅफिक कंट्रोलरना एका फटक्यात काढलं, मालकांनी धडा घेतला. आपण त्याच सुमाराला दत्ता सामंतांना शिव्या द्यायला शिकलो. गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं आणि कोणाचे टॉवर उभे राहिले, हे कुणी विचारत नाही. सामंतांवर वेगळं लिहीन, माझी त्यांच्याबद्दलही तक्रार आहे. आज नको.

जॉर्ज पुलमन १८९७ ला गेला. कामगार थडगं उकरतील या धास्तीनं घरच्यांनी शिसं लावलेल्या पेटीत ठेवलं, भोवती काँक्रीट ओतलं, वर रेल्वेचे रूळ आडवे टाकले. उत्तरेला ग्रेसलँड दफनभूमीत आहे. बाबांना विचारलं, बघायचंय का? म्हणाले, "रूळ टाकलेत ना वर? मग राहू दे, भूक लागलीय."

काल रात्री डोंबिवलीला फोन केला, पिकनिकचं सगळं सांगितलं. मला वाटलं, बाबाही भडकतील. ते म्हणाले, "पोराला सांग, सही केलीस ते चांगलं केलंस. आता कामावर एक मिनिट उशिरा जायचं नाही. पहिली नोटीस उशिरावरूनच काढतात. आणि शिफ्ट कुणी बदलली, कधी बदलली, सगळं वहीत लिहून ठेव म्हणावं, तारखेसकट." निरोप पोचवलाय. त्याच्या बापाला कळलं तर कळू दे.

ऑक्टोबरात पानं बदलली की मी परत पुलमनला जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत. घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला तिकीट नाही, चालायचे बूट घाला, डबा आपापला. यायचंय त्यांनी मेसेज करा. 'किती लांब आहे?' असं विचारणाऱ्यांनी करू नका.