हान्सबेरी कुटुंबाच्या घराविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की नाटककार लॉरेन हान्सबेरीचे वडील कार्ल हान्सबेरी स्वतःच शिकागोतले बडे घरमालक होते, मोठे फ्लॅट तोडून केलेल्या ‘किचनेट’ खोल्या गरीब कृष्णवर्णीयांना भाड्याने देत होते. मग गोऱ्या वस्तीत राहण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्याचं कौतुक कशाला? शिवाय १९४० मध्ये ते सुप्रीम कोर्टात जिंकले, म्हणजे प्रश्न मिटला.

किचनेटचं खरं आहे. एका खोलीत अख्खं बिऱ्हाड, संडास सामायिक आणि भाडं अव्वाच्या सव्वा. पण ती दाटी झाली कशामुळे? आसपासच्या गोऱ्या मालकांनी आपसांत करार केले होते, कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. शिकागो विद्यापीठसुद्धा या करारांच्या पाठीशी पैसा घेऊन उभं होतं. त्या कोंडीत कार्लनी कमावलं, हे मी नाकारत नाही. पण तोच पैसा घेऊन १९३७ मध्ये त्यांनी गोऱ्या वस्तीत, ऱ्होड्स अव्हेन्यूवर घर घेतलं, तेव्हा त्यांची ऐपत काडीच्या कामाला आली नाही. घरासमोर जमाव जमला. खिडकीतून भिरकावलेला जड तुकडा लहानग्या लॉरेनला लागता लागता राहिला. वडील कोर्टकचेरीत गुंतलेले, आई नॅनी भरलेलं पिस्तूल घेऊन रात्ररात्र घरात गस्त घालायची. पुढे नाटककार झालेल्या लॉरेनने हे स्वतः लिहून ठेवलंय. शाळेच्या वाटेवर लोक तिच्यावर थुंकायचे, तिला मारायचे. त्या पोरीने कोणाकडून भाडं उकळलं होतं?

आता निकालाचं. त्या वस्तीतला करार लागू व्हायला मालकांच्या ९५ टक्के सह्या लागत होत्या, प्रत्यक्षात ५४ टक्क्यांच्या आसपासच झाल्या होत्या. तरी इलिनॉयच्या (शिकागोच्या राज्याच्या) कोर्टांनी, सह्या पुऱ्या आहेत असं मानलेल्या एका जुन्या खटल्याकडे बोट दाखवून, निकाल हान्सबेरींच्या विरोधात दिला. सुप्रीम कोर्ट एवढंच म्हणालं, की ज्या खटल्यात हान्सबेरी पक्षकारच नव्हते, त्याचा निकाल त्यांना बांधत नाही. असे करार मुळात चूक आहेत, हे कोर्टाने म्हटलंच नाही. कोर्टांनी ते अमलात आणू नयेत, एवढं ठरायलाही १९४८ उजाडलं, सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात. घर विकताना वंश-रंग पाहायला देशभर कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये.

कार्ल १९४६ मध्येच मेक्सिकोत वारले. अमेरिका सोडून कुटुंबाला तिकडे न्यायच्या तयारीत होते. खटला जिंकलेल्या माणसावर ही वेळ का आली, यावर तुम्ही काय म्हणता ते मला वाचायचंय.