कांद्याचं वकीलपत्र

कांदा रडवतो, हा आरोप इतका जुना आहे की त्याचा पुरावा कुणी मागत नाही. मी मागतो. अख्खा कांदा नाकाशी धरून कितीही वेळ बसा, डोळ्यांतून टिपूस निघणार नाही. कारण रडवणारा वायू त्यात तयार नसतोच. गंधकाची संयुगं पेशीच्या एका कप्प्यात, विकरं (म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) दुसऱ्या कप्प्यात, असा शांत संसार चाललेला असतो. आपण सुरी घालून मधली भिंत पाडतो, दोघांची गाठ पडते आणि भोगतात आपले डोळे. या प्रकरणातलं मुख्य विकर जपानी संशोधकांनी २००२ साली हुडकलं, आणि २०१३ मध्ये त्यांना त्यासाठी इग्नोबेल मिळालं. रडण्याच्या शोधाला हसवणाऱ्या संशोधनाचं बक्षीस!

माझ्या मते खरी गुन्हेगार बोथट सुरी. ती कांदा चिरत नाही, चेंगरते. जितक्या पेशी फुटतील तितका वायू जास्त. धार तपासायला पिकलेला टोमॅटो घ्या. न दाबता सुरी सालीत शिरली तरच कांद्याला हात लावा. त्याआधी कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर विकरं जरा सुस्तावतात. पंखा बाजूने वारा देईल असा लावा, समोरून लावलात तर सगळा वायू थेट तुमच्या तोंडावर. पोहण्याचा चष्मा उत्तम काम करतो, फक्त तेवढ्यात दारावरची बेल वाजू नये.

आता चिरणं. शेंडा उडवा, पण मुळाकडचा बुडखा ठेवा. सगळे पापुद्रे तोच धरून असतो. बुडख्यातून उभे दोन भाग करा, साल काढा आणि कापलेली बाजू पाटावर उपडी टाका. म्हणजे कांदा घरंगळत नाही आणि वायूही कमी सुटतो. तीन-चार मिलिमीटरवर उभे काप द्या, बुडख्याच्या अलीकडे थांबा, मग आडवे चिरा. व्हिडिओंमध्ये सुरी पाटाला समांतर खुपसून आणखी काप देतात, ते सोडून द्या. पापुद्रे निसर्गानेच सुटे करून दिलेत; त्या कसरतीत सुटी होतात ती बोटं. आणि काही झालं तरी त्या हाताने डोळे चोळू नका.

साठवणीत मात्र माझा अशील भलताच नाजूक आहे. त्याला कोरडी, अंधारी, वारा खेळणारी जागा हवी: टोपली, जाळी, काहीही. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारली की आत ओल धरते, सालीखाली काळी बुरशी येते आणि कोंब फुटतात. बटाटे शेजारी नकोत. त्यांच्या ओलाव्याने कांदा लवकर सडतो. जाड किंवा ओल्या मानेचे कांदे टिकत नाहीत, ते आधी संपवा. अख्खे कांदे फ्रिजमध्ये ओलीने मऊ पडतात, म्हणून ते बाहेर. चिरलेला मात्र आतच.

चिरलेला कांदा विषारी होतो, हवेतले जंतू ओढून घेतो, हा फॉरवर्ड निव्वळ थाप आहे. घट्ट झाकणाच्या काचेच्या डब्यात तो चार-पाच दिवस सहज राहतो. प्लॅस्टिकचा डबा घेतलात तर तो डबा पुढेही कांद्याचाच राहील. चिरून फ्रीजरमध्येही टाकता येतो, पण नंतर तो लिबलिबीत होतो, म्हणजे फक्त शिजवायलाच. उघड्या वाटीत ठेवाल तर सकाळच्या दुधाला कांद्याचा वास. झाकण सापडतच नसेल तर उरलेला अर्धाही चिरून भाजीत ढकला; भाजीत कांदा फार झाला अशी तक्रार अजून माझ्या कानावर आलेली नाही.