बॅटरी काढून दाखवा

परवा सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सुप्रभातच्या फुलांच्या मागोमाग, एक व्हिडिओ येऊन पडला. अंधारी खोली, टेबलावर तांब्याच्या तारेची उभी गुंडाळी, शेजारी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि हातात नुसती ट्यूबलाइट धरून उभा असलेला एक मुलगा. ट्यूब गुंडाळीजवळ नेली की पेटते, लांब नेली की विझते. खालचा मजकूर साधारण असा: "टेस्लाचा दडपलेला शोध! ९ व्होल्टच्या बॅटरीवर ४० वॉटची ट्यूब, तीही वायरशिवाय. बंद पडलेली ट्यूबसुद्धा पेटते! कोणताही ट्रान्झिस्टर चालतो, दहा मिनिटांत तयार. ९ व्होल्टचे २० हजार होतात, म्हणजे घालतो त्याच्या कितीतरी पट वीज बाहेर येते, मीटर लावून सिद्ध. शॉक लागत नाही, मुलांनाही हाताळू द्या. वीज कंपन्यांना हे नको आहे. डिलीट होण्याआधी पुढे पाठवा." सोबत हाताने काढलेली सर्किटची आकृती.

दुपारपर्यंत तोच व्हिडिओ आणखी तीन ठिकाणांहून आला. एक तर मावशीकडून, "तुझ्या कामाचं आहे, बघ" असं लिहून.

बघितलं. आणि आधीच सांगतो, व्हिडिओ खोटा नाही. या सर्किटला स्लेयर एक्साइटर म्हणतात. टेस्ला कॉइल म्हणजे निकोला टेस्ला या संशोधकाने केलेली, खूप जास्त व्होल्ट तयार करणारी तारेची गुंडाळी. कमी ताकदीच्या टेस्ला कॉइलचा हा सगळ्यात सोपा अवतार. तसा एक माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि त्याच्यावर ट्यूब पेटते. चित्र खरं आणि मजकूर खोटा, अशी ही जोडी आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

४० वॉटपासून सुरुवात करू, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावर उभा आहे. ट्यूबवर ४० वॉट छापलंय म्हणून ती कुठेही, कशीही पेटली तरी ४० वॉटच घेते असं नाही. स्कूटरच्या मीटरवर १२० पर्यंत आकडे असतात, म्हणून लक्ष्मी रोडवर ती १२० ने जात नाही. ट्यूबमध्ये कमी दाबाचा आर्गॉन आणि थोडी पाऱ्याची वाफ असते. कॉइलच्या आसपास दर सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारं विद्युतक्षेत्र असतं. त्यात ट्यूबमधले सुटे इलेक्ट्रॉन हेलकावे खातात, पाऱ्याच्या अणूंवर आदळतात, त्यातून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतली पांढरी पूड त्यांचा उजेड करते. यासाठी टोकाच्या फिलामेंटची गरजच नाही. त्यामुळे फिलामेंट गेलेली ट्यूबही पेटते. चमत्कार वगैरे काही नाही, आणि भंगारात टाकायच्या ट्यूबचा तेवढाच उपयोग.

पण किती पेटते? ट्यूबखाली आजचा पेपर धरा. माझ्या कॉइलपाशी मथळे वाचता येतात, बातमी वाचता येत नाही. व्हिडिओ अंधारात काढलेला असतो आणि मोबाईलचा कॅमेरा अंधारात आपोआप उजेड वाढवून घेतो, म्हणून ती झगझगीत दिसते. आणखी एक गंमत बघा: ट्यूब मधोमध धरली तर उजेड कॉइलकडच्या टोकापासून हातापर्यंतच येतो आणि तिथे थांबतो. हात सरकवला की उजेडाची कडा त्याच्याबरोबर सरकते. धरणाऱ्याचं अंगच तिथून पुढे जमिनीकडे जाणारी वाट बनतं. हे दाखवलं की शाळेतली पोरं खुळावतात, आणि मलाही अजून कंटाळा आलेला नाही.

आता बॅटरीचा हिशोब. चांगली नवी अल्कलाइन ९ व्होल्टची बॅटरी, फार घाई न करता वापरली तर, चार ते साडेचार वॉट-तास देते. ४० वॉटची ट्यूब पूर्ण उजेडात चालवायची तर, वाटेत कणभरही वाया न घालवता, ती सहा-सात मिनिटं पुरेल. महावितरणचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, म्हणजे अशा सव्वादोनशे बॅटऱ्या. एका बॅटरीची किंमत आणि एका युनिटचा दर तुम्हाला माहीत आहे, गुणाकार करून बघा.

"९ चे २० हजार व्होल्ट, म्हणजे वीज दोन हजार पट." नाही हो. व्होल्ट म्हणजे वीज नव्हे. थंडीच्या दिवसांत डोक्यावरून लोकरी स्वेटर काढताना चटचट होतं, तिथेही काही हजार व्होल्ट असतात. त्यावर कुणी गिझर लावलेला नाही. व्होल्ट वाढले की करंट त्या मानाने उतरतो, आणि गुणाकार बॅटरीतून निघालेल्या वॉटच्या वर जात नाही. तो २० हजारांचा आकडाही हवेतलाच वाटतो. काही जण वेढ्यांचं गुणोत्तर काढून व्होल्ट सांगतात, पण तो नियम लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरचा. इथे गाभा नाही, दोन गुंडाळ्यांची (उभी बारीक तारेची आणि तिच्या तळाशी जाड वायरचे चार वेढे) सांगड ढिली आहे, आणि व्होल्टेज चढतं ते अनुनादामुळे, झोका योग्य वेळी थोडाथोडा ढकलल्यासारखं. ते कुठवर चढेल हे तार, गुंडाळीच्या टोकावरचा गोळा आणि वाटेतली गळती ठरवते.

"मीटर लावून सिद्ध." हे वाचून मला खरं तर हसू आलं. आपला नेहमीचा मल्टिमीटर एसीच्या रेंजवर ५० हर्ट्झसाठी, फार तर काहीशे हर्ट्झसाठी केलेला असतो. ही कॉइल चालते काही लाख ते काही दशलक्ष हर्ट्झवर. मी एकदा मीटरचे दोन्ही प्रोब (वायरची मोजायची टोकं) एकमेकांना चिकटवले आणि तसेच कॉइलपासून वीतभर अंतरावर धरले. चिकटलेल्या प्रोबमध्ये शून्य दिसायला हवं. मीटर मात्र आकडे फेकत होता, दर क्षणी वेगळा. वायर दोन्ही बाजूंना अँटेना झाल्या होत्या. अशा मीटरवर "बाहेरचे वॉट" मोजून कुणी काही सिद्ध करत असेल, तर त्याने चिकटलेल्या प्रोबमधूनही वीज काढून दाखवावी.

जे मोजता येतं ते आत जाणारं. सप्लाय आणि सर्किट यांच्यामध्ये मीटर लावा, सप्लायवर कपॅसिटर (चढउतार सपाट करणारा भाग) टाका आणि मीटर कॉइलपासून लांब ठेवा. माझी १२ व्होल्टवर साधारण ०.३५ अँपिअर खाते, म्हणजे सव्वाचार वॉट. यातले बरेचसे जातात कुठे हे कळायला उपकरण नको, ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे कॉइलला झटपट चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) बोट लावा. दोन मिनिटांत बोट काढून घ्याल. जास्तीची वीज बाहेर येत असती, तर तीच परत आत द्यायची आणि बॅटरी काढून टाकायची. इतक्या व्हिडिओंत इतकी पोरं ट्यूब फिरवून दाखवतात, बॅटरी काढून एकानेही दाखवलेली नाही.

"कोणताही ट्रान्झिस्टर, दहा मिनिटांत." इथे मात्र मला थोडा राग येतो, कारण यावर विश्वास ठेवून मुलं खर्च करतात, कॉइल चालत नाही आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून सोडून देतात.

माझी कॉइल अशी आहे: वायरिंगचा २५ मिमीचा पीव्हीसी पाइप, त्यावर ३२ गेजच्या एनॅमल तारेचे ३५० वेढे, एकाला एक चिकटून. गुंडाळी साडेदहा सेंटीमीटर उंच होते आणि २८ मीटर तार लागते, वजनाने जेमतेम १५ ग्रॅम. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तार वजनावर मिळते. वर चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला पिंगपाँगचा चेंडू. खाली जाड वायरचे चार वेढे. हिशोब केला तर ही कॉइल ३ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ३० लाख हर्ट्झच्या, आसपास बोलते. आता "कोणताही" म्हणून मुलगा पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून सगळ्यात दणकट दिसणारा २एन३०५५ घेऊन येतो, तो लोखंडी टोपीचा. भारी करंट झेपतो त्याला, पण चाल मंद. अडीच-तीन मेगाहर्ट्झला त्याचं वर्धन (सिग्नल मोठा करण्याची ताकद) जवळपास संपलेलं असतं. छोट्या कॉइलवर तो नुसता तापतो. त्याच्यापुढे किरकोळ दिसणारा बीडी १३९ किंवा २एन२२२२ पटकन सुरू होतो. (२एन२२२२ ला १२ व्होल्टवर फार वेळ ठेवू नका, धूर निघतो. अनुभव आहे.)

आणि दहा मिनिटं? ३५० वेढे एकावर एक न चढवता घालायला मला पहिल्यांदा एक अख्खी संध्याकाळ लागली, त्यात दोनदा तार तुटली. शेवटी टोकाचं एनॅमल पॉलिश पेपरने घासायचं राहिलं. दिसायला तांबं, पण वर वार्निश, मग जोड कसला लागणार! तासभर ट्रान्झिस्टरला शिव्या दिल्या. सगळं बरोबर असूनही चालत नसेल तर खालच्या चार वेढ्यांची दोन टोकं अदलाबदल करा. फीडबॅक, म्हणजे कॉइलकडून ट्रान्झिस्टरकडे परत येणारा इशारा, उलटा झालेला असतो. निम्म्या "बिघडलेल्या" कॉइल एवढ्यानेच सुरू होतात.

"शॉक लागत नाही, पूर्ण सुरक्षित." पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा, म्हणूनच दुसरा धोकादायक. कारण म्हणून सांगतात की जास्त फ्रिक्वेन्सीचा करंट कातडीवरूनच वाहतो. तांब्यात ते बरोबर आहे, ३ मेगाहर्ट्झला तो मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाइतकाच आत जातो. पण माणूस तांब्याचा नाही. मांसात हीच खोली हातभराच्या घरात जाते, म्हणजे करंट आरपार जाऊ शकतो. झटका बसत नाही तो मज्जातंतू इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या करंटला दाद देत नाहीत म्हणून. भाजणं मात्र होतंच. ऑपरेशनमध्ये सर्जन मांस कापायला आणि रक्त थांबवायला जी कॉटरी वापरतात, ती काही लाख हर्ट्झवरच चालते. माझ्या बोटाच्या टोकावर ठिणगी बसली तेव्हा कळलंसुद्धा नाही. मागाहून पांढरा ठिपका दिसला, किंचित जळका वास आला, आणि तो ठिपका बरा व्हायला साध्या चटक्यापेक्षा जास्त दिवस लागले.

म्हणून मुलांना हाताळू द्या, पण मोठं माणूस शेजारी हवं. ठिणगी घ्यायची तर हातात धातूची वस्तू घट्ट धरून तिच्या टोकावर. पेसमेकर लावलेलं कुणी घरात असेल तर कॉइल त्या घरात लावूच नका. कानाचं यंत्र आणि मोबाईलही लांब ठेवा. आणि १२ व्होल्ट कमी पडतात म्हणून कुणी हेच घरच्या २३० व्होल्टवर डायोड लावून चालवायला सांगत असेल, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. तिथे शॉक लागतो, आणि माणूस जातो.

राहिला "दडपलेला शोध". टेस्लाने ही कॉइल १८९१ मध्ये केली, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये भर सभेत वायरशिवाय नळ्या पेटवून दाखवल्या आणि पेटंटही घेतलं. दडपायचं म्हणजे याहून उघड काय करायचं असतं? न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वायरशिवाय संदेश आणि वीज पाठवायला टेस्लाने उभारलेल्या वॉर्डनक्लिफ मनोऱ्याचं काम १९०१ मध्ये सुरू झालं. अमेरिकी बँकर जे. पी. मॉर्गनने दीड लाख डॉलर घातले. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओवाल्या मार्कोनीने त्याहून स्वस्त यंत्रणेने अटलांटिकपार संदेश पोचवला, पुढे पैसे आले नाहीत आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला. त्या मनोऱ्याच्या इमारतीत बॉयलर आणि जनित्र होतं, हे मात्र फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत. वीज वायरशिवाय पाठवायची होती, पण ती आधी कोळसा जाळून तयार करावी लागणारच होती. टेस्लाचे कागद आज बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत.

शिवाय व्हिडिओतलं सर्किट टेस्लाचं असूच शकत नाही. टेस्ला वारला जानेवारी १९४३ मध्ये, आणि ट्रान्झिस्टर जन्मला १९४७ च्या डिसेंबरात.

आता मावशीसाठी, आणि ज्यांना हे खरंच बनवून बघायचंय त्यांच्यासाठी: त्या आकृतीत एलईडी उलटा काढलाय. कॅथोड (एलईडीचा ऋण पाय) ट्रान्झिस्टरच्या बेसला आणि अ‍ॅनोड (धन पाय) ट्रान्झिस्टरच्याच एमिटरला हवा. तसा लावला की बेसवर येणारा उलटा झटका तो गिळतो, आणि कॉइल बोलायला लागली की पेटून कळवतोही. आकृतीतल्यासारखा लावलात तर तो कधीच पेटणार नाही आणि ट्रान्झिस्टर उघडा पडेल. पुढे पाठवायचंच असेल तर निदान तेवढं सुलटं करून पाठवा.