समोर बसून करा, आणि थोडं अर्धवट सोडा

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला मी क्रोशाचा हत्ती विणला होता. नाशिकच्या मेनरोडवरून राखाडी लोकर आणली. ती झोपली की रात्री साडेदहाला बसायचे आणि व्हिडिओ थांबवत थांबवत टाके मोजायचे. सोंड दोनदा उसवली. तीन आठवड्यांनी हत्ती झाला, आणि खरंच सुंदर झाला. वाढदिवशी सकाळी तिच्या हातात दिला. तिने उलटापालटा करून पाहिला, ‘छान आहे’ म्हणाली आणि खाली ठेवला. तो हत्ती आजही काचेच्या कपाटात आहे, अगदी नव्यासारखा.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी दोन तास वीज गेली. पोरगी किरकिर करायला लागली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या बाबांचा जोडी हरवलेला मोजा घेतला. त्यात सुती साडीच्या चिंध्या कोंबल्या, दोरा आवळून मान केली आणि शर्टाचं एक बटण डोळा म्हणून टाकलं. दुसरं बटण अंधारात सापडेना. तेवढ्यात वीज आली आणि त्यांना पोळ्यांसाठी उठावं लागलं. जाताना म्हणाल्या, ‘दुसरा डोळा तू शोध गं.’

तो डोळा शोधण्यात लेकीचे तीन दिवस गेले. आधी माझी टिकली लावली, ती पडली. मग चिंचोका चिकटवून पाहिला, तोही टिकला नाही. शेवटी आजीजवळ बसून काळ्या दोऱ्याची एक वेडीवाकडी गाठ तिने स्वतः मारली. त्या बाहुलीचं नाव मोजूबाई. मोजूबाईला ताप येतो, मोजूबाई आमच्यासोबत सप्तशृंगीला जाऊन आली, मोजूबाई चार वेळा धुऊन पुन्हा शिवली गेली. लेक आता सहा वर्षांची आहे आणि अजून तिला कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही.

हत्तीत माझे तीन आठवडे होते, पण लेकीचं त्यात काहीच नव्हतं. मोजूबाईत तिच्या हातची एक गाठ आहे. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. मुलांसाठी हाताने काही करायचं असेल तर ते त्यांच्या समोर करावं, आणि थोडं मुद्दाम अर्धवट सोडावं.

‘आम्हाला एवढा वेळ कुठे असतो?’ हे मला हमखास ऐकावं लागतं. मी अंबडला नोकरी करते, घरी पोहोचायला साडेसहा वाजतात, त्यामुळे ही अडचण मला परकी नाही. पण वेळ खातो तो वस्तू पूर्ण करण्याचा आणि ती देखणी करण्याचा हट्ट. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चिंध्यांचा चेंडू गुंडाळून होतो. त्यावरून दोरा कसा आवळायचा ते पोरं पुढे तासभर बघत बसतात.

ही अक्कल माझी एकटीची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीत गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालशिक्षणाची महागडी तयार साधनं खेड्यात परवडण्यासारखी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, गोटे अशी आसपासची वस्तूच साधन झाली. आपल्या नाशिकहून त्र्यंबकेश्वर, जव्हार करत गेलं तर तिकडेच जातो आपण. इतक्या जवळ झालेलं हे काम, आणि आपण मात्र ‘क्राफ्ट किट’च्या डब्यातले आधीच कापलेले तुकडे पोरांकडून आकड्यांप्रमाणे चिकटवून घेतो. त्या डब्यात चुकायला जागाच ठेवलेली नसते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

चुकण्यावरून पोळ्याची गोष्ट सांगते. पिठोरी अमावास्येला मातीचे बैल विकत आणण्याऐवजी घरी करू म्हटलं. दिंडोरीहून मामांच्या शेतातली काळी माती आणली, मळली, चार बैल उभे केले आणि उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी चौघांच्याही पायांना तडे. थोरला मुलगा रडवेला झाला. त्याला घेऊन जुन्या नाशकातल्या एका कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी तुटलेला पाय हातात घेतला आणि त्यालाच समजावलं, ‘काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. नुसती नाही चालत बाळा. चाळलेली राख घाल, कापूस पिंजून मळ, आणि सावलीत वाळव.’ तसं केलं, तर पुढचे बैल टिकले. नऊ वर्षांच्या मुलाला माती आकसते हे पुस्तकातून कळलं असतं तर परीक्षेनंतर विसरला असता. आता तो पावसाआधी शेतातल्या भेगा दाखवून मलाच समजावतो.

चिकटवायला खळ करा, हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. वाटीभर मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग तीन-चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन जरा काचेसारखी दिसायला लागली की झाली. फ्रीजमध्ये चार दिवस राहते. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते घरी अजिबात करू नका. मोरचूद विषारी असतं आणि पोरांची बोटं तोंडात जातातच.

या खळीवर आमचा अर्धा उद्योग चालतो. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून उलट्या वाडग्यावर थरावर थर लावले की दोन दिवसांनी मुखवटा निघतो. पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यातले, म्हणजे सोंगं नाचवायच्या उत्सवातले, मुखवटे एकदा पोरांना दाखवले होते. तेव्हापासून घरात रावण, नरसिंह आणि नाव नसलेली बरीच मंडळी झाली आहेत. दर वेळी नाक मी करून देते, बाकी चेहरा त्यांचा.

पुठ्ठ्याचं तर नाशिककरांना सांगायलाच नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या पेट्या गल्लोगल्ली मिळतात. त्या पुठ्ठ्याच्या आत ज्या बारीक नळ्या असतात त्यांच्या दिशेने घडी सहज पडते, त्यांना आडवी घातली तर पुठ्ठा चुरगळतो. एवढं कळलं की घर, गाडी, बाहुलीचा पलंग, काहीही उभं राहतं.

आता मनातली एक खंत. थोरल्याच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा प्रकल्प होता. त्याने द्राक्षाच्या पेटीचा वाडा केला होता, छप्पर एका बाजूला कललेलं, पण दरवाजा खरोखर उघडायचा, आणि कडीसाठी त्याने माझी केसांची पिन वापरली होती. प्रदर्शनात पुढच्या टेबलावर नवाकोरा थर्माकोल, चमकी आणि विकतची झाडं लावलेली बंगल्यांची रांग होती. वाडा मागच्या भिंतीला. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी तो मुलांच्या हातून शाळेत येतो. मी बाईंशी बोलले. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘पालकच करून पाठवतात हो, आणि बक्षीस नाही मिळालं तर भांडायलाही तेच येतात.’ त्यांचं खरं होतं. त्यामुळे ही विनंती मी शाळांना नाही, आपल्याला करते आहे. मुलाचं कललेलं छप्पर कललेलंच पाठवा. रात्री ते झोपल्यावर सरळ करू नका. सकाळी उठून त्याला पहिलं काय कळतं माहीत आहे? आपलं चाललं नाही, हे.

त्यानंतर त्या कललेल्या छपराचं काय करायचं हा प्रश्न होताच. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून आकार करायला शिकवलं होतं, ते आम्ही करून पाहिलं. चार काड्यांचा चौकोन बोट लावलं की लोळतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. थोरल्याने पाच-सहा वेळा दाबून पाहिलं, उठला आणि वाड्याच्या छपराखाली पुठ्ठ्याची एक तिरकी पट्टी लावली. छप्पर सरळ झालं. मी एक शब्दही बोलले नव्हते.

वाढदिवसाच्या ‘रिटर्न गिफ्ट’बद्दलही बोलायचं आहे. पेन्सिलबॉक्स, कीचेन, दिव्यांची बाहुली. दुसऱ्या दिवशी जिन्यात पडलेली दिसतात. यंदा थोरल्याच्या वाढदिवसाला आम्ही सागरगोटे दिले. रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणले, सासूबाईंनी गोधडीतून उरलेल्या कापडाच्या लहान पिशव्या शिवल्या, पाच-पाच भरले. नाडी मात्र ओवली नाही. आल्या-आल्या प्रत्येकाला पिशवी आणि नाडी वेगवेगळी दिली. खोबणीतून नाडी ओवायला पिन लागते, हे बऱ्याच पोरांना तिथेच कळलं. मग सासूबाईंनी सागरगोटा फरशीवर घासून एकाच्या मनगटाला चटका दिला आणि पुढचा तासभर केकची कोणाला आठवण नव्हती.

एक मात्र कडक पाळा. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर बटणं, चिंचोके, सागरगोटे, मणी नकोतच. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी आठवते ना? तिच्यात जे मावतं ते बाळाच्या घशात अडकू शकतं. इतक्या लहानांच्या बाहुलीला डोळे दोऱ्याने भरा. मोजूबाईच्या वेळी हे आमच्या लक्षात आलं नव्हतं, लेक चार वर्षांची होती म्हणून निभावलं. आता भाच्यासाठी केलेल्या बाहुलीला दोन्ही डोळे दोऱ्याचे आहेत.

पोळा जवळ येतोय. अमावास्येच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही माती भिजवणार आहोत. राख चाळून ठेवली आहे, कापूस आहे, सावलीसाठी जुनं चवाळं बांधू. ओळखीतल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी मला मेसेज करा आणि मुलांना मळले तरी चालतील असे कपडे घाला. बैलांची अंगं कशी करायची ते मी आणि सासूबाई दाखवू. शिंगं आम्ही लावून देणार नाही, ती ज्याची त्याने लावायची.