‘रेस्ट मेलं, ग्राफक्यूएल बसवा’ म्हणणाऱ्यांना

वर्डप्रेसवर साइट चालवणाऱ्यांत सध्या एक दावा जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: रेस्ट एपीआय (ठरलेल्या पत्त्यांवरून प्रोग्रामना साइटचा डेटा देण्या-घेण्याची सोय) कालबाह्य झालं, ग्राफक्यूएल (नेमकं काय हवं ते क्वेरीत, म्हणजे मागणीत, लिहून डेटा मागवायची पद्धत) जोडलं की एका रिक्वेस्टमध्ये हवा तेवढाच डेटा मिळतो, त्यामुळे साइट आपोआप वेगवान होते, व्हर्जनची भानगड संपते, मजकूर टाकणं-बदलणंही त्याच क्वेरीतून होतं, आणि भाषा कुठलीही असो, काही अडत नाही. यातल्या एकाच गोष्टीत खरा दम आहे. बाकीचं तपासून घेतलेलं बरं.

‘कालबाह्य’पासून सुरू करू. ग्राफक्यूएल फेसबुकने २०१२ मध्ये आपल्या मोबाइल ॲपच्या न्यूज फीडसाठी बनवलं आणि २०१५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. वर्डप्रेसच्या गाभ्यात रेस्ट एपीआयचा मजकूर हाताळणारा भाग आला तो ४.७ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१६ ला. तेव्हा वयाचा मुद्दा निकालात निघतो. शिवाय ब्लॉक एडिटरमध्ये तुम्ही ‘अपडेट’ दाबता, तेव्हा तो लेख रेस्टमधूनच सेव्ह होतो. म्हणजे मेलेलं रेस्ट रोज तुमचेच लेख छापतंय. हां, ऑनलाइन दुकानं उभारून देणाऱ्या शॉपिफायने ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या ॲडमिन रेस्ट एपीआयला ‘जुनं’ ठरवून नव्या ॲप्सना ग्राफक्यूएलकडे वळवलं, हे खरं. पण तो त्यांच्या दुकानाचा निर्णय आहे, जगाचा नाही.

हवा तेवढाच डेटा, हा मुद्दा मात्र मान्य. रेस्टकडे लेखांची यादी मागितली की प्रत्येक लेखाचा अख्खा मजकूर येतो, आणि लेखकाचा नुसता आयडी. नाव हवं तर पुन्हा विचारा. वर्डप्रेसमध्ये पत्त्याला ‘_फील्ड्स’ लावून नको ते गाळता येतं, ‘_एम्बेड’ लावून लेखक आणि चित्र सोबत आणता येतं. हे माहीत नसल्यानेच निम्मी तक्रार होते. पण लेख, त्याचा लेखक, त्या लेखकाचे इतर लेख, त्यांचे विभाग अशी साखळी लागते तेव्हा ग्राफक्यूएल सरस आहे, आणि एकाच मजकुरावर वेबसाइट, अँड्रॉइड ॲप नि आणखी काही चालवायचं असेल तर फारच सरस.

आता वेग. रिक्वेस्ट एक झाली म्हणून काम एक होत नाही. वीस लेख आणि प्रत्येकाचा लेखक मागितला, आणि सर्व्हर नीट लिहिलेला नसेल, तर लेखांसाठी डेटाबेसला एक खेप आणि लेखकांसाठी वेगळ्या वीस खेपा. यावर फेसबुकनेच डेटालोडर काढला, जो या खेपा एकत्र बांधतो. म्हणजे मेहनत ब्राउझरकडून सर्व्हरकडे सरकली, संपली नाही.

त्याहून मोठी गोम कॅशची, म्हणजे एकदा दिलेलं उत्तर साठवून पुन्हा वापरण्याची. रेस्टचं वाचन गेट रिक्वेस्टने (नुसतं वाचायच्या मागणीने), ठरलेल्या पत्त्यावरून होतं. सीडीएन (वाचकाच्या जवळच्या सर्व्हरांचं जाळं) ते उत्तर जवळ ठेवतो आणि पुढच्याला तेच देतो. ग्राफक्यूएलची क्वेरी बहुतेक ठिकाणी पोस्टने (सोबत माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टने) जाते आणि पोस्टचं उत्तर सीडीएन सहसा साठवत नाही. विधानसभेच्या निकालाच्या दिवशी तालुक्याच्या बातम्यांच्या साइटवर सगळे एकच पान उघडत असतात. तेव्हा प्रत्येक वाचक थेट पीएचपी आणि मायएसक्यूएलवर (वर्डप्रेसचा प्रोग्राम आणि डेटाबेस) आदळला, तर स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग दुपारपर्यंत झोपणार. क्वेरी आधी नोंदवून गेटने मागवायची सोय आहे, पण ती बसवावी लागते. ‘आपोआप’ काही नाही. आणि ज्यांची साइट खरोखर सुसाट झाली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पानं आधीच तयार करून स्थिर ठेवलेली असतात. श्रेय त्या पानांचं. ती रेस्टमधून बनवली असती तरी तितकीच पळाली असती.

व्हर्जनचं थोडक्यात: शॉपिफायचं ग्राफक्यूएल दर तिमाहीला नवं व्हर्जन काढतं. फील्डवर (डेटाच्या एका रकान्यावर) ‘जुनं झालं’ असा शिक्का मारता येतो, ही सोय चांगली. पण ज्या दिवशी ते फील्ड काढाल, त्या दिवशी ते वापरणारं ॲप पडणारच.

मजकूर टाकणं-बदलणं. इथे दावा सर्वांत कच्चा आहे. कंटेंटफुल आणि सॅनिटी ही साइटचा मजकूर सांभाळून देण्याच्या धंद्यातली मोठी नावं, आणि दोघांचंही ग्राफक्यूएल फक्त वाचण्यापुरतं आहे. लिहायला वेगळं एपीआय. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपीग्राफक्यूएल प्लगइनमध्ये म्युटेशन (डेटा टाकणाऱ्या-बदलणाऱ्या मागण्या) आहेत, लेख त्यातून टाकता येतो. पण फाइल अपलोडबद्दल ग्राफक्यूएलची मूळ व्याख्या गप्पच आहे, आणि बातमी म्हटली की फोटो आलाच. एका क्वेरीत तीन म्युटेशन दिली तर ती क्रमाने चालतात. दुसरं फसलं म्हणून पहिलं मागे फिरेल अशी हमी व्याख्या देत नाही. लेख प्रसिद्ध झाला, विभाग लागलाच नाही, असं अर्धवट काम मग हाताने निस्तरा.

त्यात आणखी एक खोच. म्युटेशन फसलं तरी बरेच सर्व्हर एचटीटीपीचा २०० हाच, म्हणजे ‘काम झालं’ असा, कोड देतात, आणि चूक उत्तराच्या आत ‘एरर्स’मध्ये लिहितात. रेस्टच्या सवयीने फक्त कोड बघणारी स्क्रिप्ट ‘सगळं झालं’ म्हणून पुढे जाते. परवानगी नसलेल्या खात्यातून शंभर लेख ‘टाकले’, लॉग हिरवागार, साइटवर एकही नाही, असं सहज होऊ शकतं. ‘एरर्स’ आधी तपासायचे, मग कोड.

राहिली भाषा. मजकूर मराठीत असायला काहीच हरकत नाही. पण ग्राफक्यूएलमध्ये प्रकारांची आणि फील्डची नावं फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर यांतच चालतात. ‘दिवाळी अंक’ हा पोस्ट टाइप (मजकुराचा प्रकार) मेनूत मराठीत दिसेल, स्कीमात (प्रकार-फील्डच्या आराखड्यात) त्याला रोमन नाव द्यावंच लागेल. स्लगची (लेखाच्या पत्त्यातल्या नावाची) अडचण तर एपीआयच्याही खालची आहे. वर्डप्रेस देवनागरी स्लग टक्के-चिन्हांच्या रूपात साठवतं, एका अक्षरचिन्हाला नऊ जागा लागतात, आणि डेटाबेसमध्ये जागा २००. काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजून जेमतेम २२ चिन्हं मावतात, पुढचा मथळा छाटला जातो. त्यामुळे लेख शोधायला स्लगऐवजी आयडी वापरा, किंवा प्रसिद्ध करण्याआधी स्लग हाताने रोमनमध्ये लिहा. रेस्ट असो वा ग्राफक्यूएल, हे काम सुटत नाही.