कूलरमध्ये पाणी भरण्याआधी

"आतलं समजून काय करायचंय, बटन दाबलं की हवा आली पाहिजे." एप्रिल लागला की नागपुरात हे घरोघरी ऐकू येतं, आणि मला ते अजिबात पटत नाही. मोटरचं वाइंडिंग सगळ्यांना यावं असं मी म्हणत नाही, त्याला मेकॅनिक आहे. बंद खोलीत कूलर का चिपचिप करतो, मे महिन्यात गार वाटणारा तोच कूलर जुलैत का नकोसा होतो, हेही नाही कळलं तर फार तर घाम येईल. पण जी वस्तू जीव घेऊ शकते, ती कशी घेते आणि तिला अडवणारं घरात काय आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. शाळकरी पोरांनासुद्धा.

पत्र्याची बॉडी, टाकीत पाणी, पाण्यात पंप आणि २३० व्होल्ट. पंपाची वायर कुठे सोलली की करंट बॉडीत उतरतो. पंखा फिरतच राहतो, हवा गारच येते, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. मग कोणीतरी अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून, चालू कूलरमध्ये पाइपने पाणी भरायला जातं. दर उन्हाळ्यात विदर्भात अशा बातम्या येतात आणि आपण "नशीब" म्हणून पान उलटतो. नशीब कसलं?

"आमच्याकडे एमसीबी आहे, पडेल ना!" नाही पडणार. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, ती असते वायर जळू नये म्हणून. १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअरपर्यंत ती पडतच नाही, आणि माणसाचा जीव जायला शंभरही पुरतात. माणसासाठी असतो आरसीसीबी, म्हणजे करंट वायरबाहेर गळायला लागला की पडणारा स्विच. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीच्या आत लाइन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबून बघा, खटकन पडला पाहिजे.

आणि अर्थिंग, म्हणजे बॉडीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी वायर. थ्री-पिनमधली वरची जाड पिन मुद्दाम लांब असते, प्लग लावताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. टू-पिनच्या बोर्डात बसत नाही म्हणून लोक नेमकी तीच काढून टाकतात!

शिकायला येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरापोरींनो, भाडं ठरवताना अर्थिंगचं विचाराच. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून समाधान मानू नका, कित्येकदा त्याच्यामागे वायरच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, मग कूलर लावा. आणि घरमालकांनो, तो खर्च पोरांवर टाकू नका.