युनिसच्या नावाने आमच्या मावशींना बोल लावू नका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘घरकामाच्या बायकांपासून सावध’ छापाचा लांबलचक मेसेज टाकला. त्याखाली एका वाचणाऱ्या गृहस्थांनी चक्क रूथ रेंडेलची ‘अ जजमेंट इन स्टोन’ पुरावा म्हणून आणली. म्हणे ही वाचा, म्हणजे कळेल आपण कुणाला घरात घेतो ते. तेव्हापासून डोकं तडतडतंय.

१९७७ सालची कादंबरी. इंग्लंडमधल्या सफकमध्ये कव्हरडेल नावाच्या खात्यापित्या कुटुंबाकडे युनिस पार्चमन कामाला येते आणि पुढे घरातल्या चौघांनाही मारते. रहस्य फोडलं म्हणून ओरडू नका, लेखिकाच हे पहिल्या वाक्यात सांगते, कारणासकट. युनिसला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग उरलं काय? उरतं ते हे, की पानापानावर वाटत राहतं, आता तरी या लोकांच्या लक्षात येईल. घरात पुस्तकंच पुस्तकं, मुलगी मेलिंडा विद्यापीठात शिकतेय, आणि बाईसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवतात! ती वाचायची टाळते, चष्म्याची सबब सांगते, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

त्या चष्म्यापाशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या सांगलीच्या घरी स्वयंपाकाला मावशी यायच्या. आई शिक्षिका, सकाळीच बाहेर पडायची, ओट्यावर मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी ठेवून. माझी शाळा दुपारची. मावशी आल्या की म्हणायच्या, “चष्मा घरी राहिला बघ बाळा, काय लिवलंय आईनं?” मी ऐटीत वाचायचे, ‘कणीक जास्त भिजवा, वांगी आजच संपवा.’ मावशींकडे चष्मा कधी नव्हताच.

हो, मान्य आहे, युनिस काही बिचारी नाही. तिने आधी स्वतःच्या बापाला उशीने गुदमरवलंय, लोकांची गुपितं हेरून पैसे उकळलेत. निरक्षर बाईला इतकं दगड करून ठेवल्याबद्दल मला रेंडेलचाही राग येतो. पण मग जोन स्मिथचं काय? युनिसची मैत्रीण आणि खुनातली साथीदार, पोस्ट सांभाळणारी, धर्माच्या नादाने झपाटलेली जोन. तीही बंदूक हातात घेते, आणि तिला उत्तम वाचता येतं. पोस्टातल्या बायकांपासून सावध राहा, असा मेसेज का नाही आला कुणाचा?

मला सगळ्यात जास्त लागतो तो मेलिंडाचा प्रसंग. पोर मनाने चांगली. युनिसला वाचता येत नाही हे तिला कळतं आणि ती हौसेने म्हणते, मी शिकवते की! युनिस सरळ मेलिंडाच्याच एका गुपितावरून तिला धमकावते. माझ्या दादाने असंच केलं होतं. पाहुणे चहा घेत बसलेले, आणि याने सगळ्यांसमोर मावशींपुढे पाटी आणून ठेवली. मावशींनी पाटी उचलून फळीवर ठेवली, परात ओढली आणि कणीक मळायला घेतली. मान वर नाही. कान मात्र लाल झाले होते. आईने दादाला बाहेर पिटाळलं. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी बंद. आई आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरावरून येताना सगळं तोंडी सांगून यायची, आणि त्यावर आमच्या घरात एक अक्षर कधी कुणी बोललं नाही. आईने ही कादंबरी वाचलेली नाही. तिला गरज नव्हती.

युनिसला खटल्यात कशाची लाज वाटते? चार खुनांची नाही. आपल्याला वाचता येत नाही हे जगाला कळलं याची. हे वाचूनही ज्यांना फक्त ‘मोलकरीण खुनी निघाली’ एवढंच दिसतं, त्यांना काय सांगायचं?

असो. राग थोडा उतरलाय, तर कामाचं बोलते. आपल्या गेटवर कामाच्या बायकांनी स्वतःच्या हाताने नाव आणि वेळ लिहायची, असा नियम झालाय. परवा आमच्या मजल्यावर येणाऱ्या ताई हातात पेन घेऊन वहीपाशी उभ्या होत्या, मागे रांग, आणि वॉचमन म्हणत होता, लिहा की पटकन. रविवारच्या मीटिंगमध्ये मी हा नियम बदला म्हणणार आहे. वॉचमनने विचारावं आणि त्यानेच लिहावं, सगळ्यांचंच, म्हणजे कुणी एकटी उघडी पडणार नाही. इमारतीतले जे हे वाचताय, ते मीटिंगला या आणि हात वर करा.